वाळवंटातल्या अरुंद घळीतून नदीपर्यंत उतरताना : उष्माघात, गारठा आणि इतर धोके

गेल्या काही वर्षांत सह्याद्रीत ट्रेकिंग आणि रॅपलिंग करणारी अनेक मंडळी परदेशातही त्यासाठी जाऊ लागली आहेत. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले सुट्टीत युटा आणि ॲरिझोना राज्यांतल्या वाळवंटात 'कॅन्यनिअरिंग'ला जातात. मग इकडे आईवडिलांना प्रश्न पडतो की हे नेमके काय असते, त्यात धोका किती, आणि बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जावे का. कोणी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला येते, तेव्हा या प्रश्नांवर बोलायला पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून हा लेख.

स्लॉट कॅन्यन म्हणजे काय?

वालुकाश्मासारख्या मऊ खडकात हजारो वर्षे पुराचे पाणी घासत गेले की खोल पण अतिशय अरुंद घळ तयार होते. वर आकाशाची एक पट्टी दिसते आणि दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. तिला स्लॉट कॅन्यन म्हणतात. ती 'टेक्निकल' असेल तर नुसते चालून उतरता येत नाही. मध्ये उभे कडे असतात, ते दोराने उतरावे लागतात. पाण्याने भरलेले रांजणखळगे पोहून पार करावे लागतात. एकदा पहिला दोर खाली ओढून घेतला की परत वर जाण्याचा मार्ग बहुतेक वेळा उरत नाही. बाहेर पडायचे तर खालूनच.

झायन नॅशनल पार्कमधील मिस्टरी कॅन्यन हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सुरुवात वरच्या पठारावर होते, मग एकामागून एक रॅपल येतात आणि शेवटचा दोर थेट व्हर्जिन नदीच्या पात्रात उतरतो. तिथून नदीतूनच चालत पर्यटकांच्या पायवाटेपर्यंत यायचे. अशा उतरणीसाठी पार्कचा परवाना लागतो.

एकाच दिवसात दोन टोकांची हवामाने

डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की उष्माघात आणि गारठा हे दोन्ही धोके इथे काही तासांच्या अंतराने येतात. उन्हाळ्यात झायनमध्ये तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते. पण घळीच्या तळाशी ऊन जवळजवळ पोचतच नाही. तिथले साचलेले पाणी भर उन्हाळ्यातही अंगात हुडहुडी भरवते. ग्रँड कॅन्यनमधील कोलोरॅडो नदीचे उदाहरण आणखी ठळक आहे. काठावर चाळीस अंशांचे ऊन असते, पण ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल थरातून सोडलेले पाणी कितीतरी गार असते. तापलेला, दमलेला माणूस अशा पाण्यात एकदम उडी घेतो तेव्हा श्वासाची लय बिघडते आणि नाकातोंडात पाणी जाऊ शकते. हृदयविकार असलेल्यांसाठी हा धक्का विशेष धोकादायक असतो.

यातून एक साधा नियम निघतो. वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) बॅगेत ठेवून चालायचे आणि पहिल्या पाण्याच्या खळग्यापाशी घालायचा. घरूनच घालून उन्हात दोन तास चालले तर घाम सुकत नाही आणि अंग आतून तापत जाते. उलट पाण्यात उतरल्यावर 'पुढच्या खळग्यानंतर घालू' म्हणून टाळले, तर बोटे आखडल्यावर तो घालताच येत नाही.

उष्णतेचा थकवा आणि उष्माघात

उष्णतेच्या थकव्यात भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि पायात गोळे येतात, पण माणूस नीट बोलतो. त्याला सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, थोडे थोडे ओआरएस द्या. साधारण अर्ध्या तासात बरे वाटले पाहिजे. बरे वाटले तरी त्या दिवशी घळीत उतरू नये.

उष्माघात वेगळा. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. 'अंग कोरडे पडले तरच उष्माघात' ही समजूत चुकीची आहे. श्रम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते. तापमापक नसेल तर बोलणे आणि वागणे पाहून ओळखा.

इथे क्रम लक्षात ठेवा : आधी थंड करणे, मग हलवणे. जवळ पाणी असेल तर डोके वर धरून मानेपर्यंत पाण्यात ठेवा, पण त्याला क्षणभरही सोडू नका. पाणी कमी असेल तर कपडे ओले करून जोरात वारा घाला. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतुसंसर्गाचा नसतो.

पाणी कमी पिणे आणि पाणी जास्त पिणे

पाणी कमी पडले की काय होते हे सगळ्यांना माहीत असते. लघवी कमी आणि गडद होते, तोंड सुकते, डोके दुखते. पण 'दर पंधरा मिनिटांनी अर्धी बाटली' असे ठरवून नुसते पाणी पीत राहिल्यानेही माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. रक्तातील सोडियम १३५ च्या खाली उतरते आणि मेंदूला सूज येऊ लागते. ग्रँड कॅन्यनमध्ये चालणाऱ्यांत असे रुग्ण आढळले आहेत आणि वैद्यकीय साहित्यात त्यांची नोंद आहे.

दोन्ही स्थितींत डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळलेपणा असतो, म्हणून फसगत होते. फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारा :

- दिवसभरात किती पाणी प्यायले? बरेच लिटर पाणी, आणि खाणे जवळजवळ काही नाही?
- लघवी कशी होते आहे? वारंवार आणि पाण्यासारखी, की तासन् तास झालीच नाही?
- हाताची बोटे सुजली आहेत का, अंगठी घट्ट झाली आहे का?

जास्त पाणी, स्वच्छ लघवी आणि सुजलेली बोटे असतील तर आणखी पाणी देऊ नका. शुद्धीवर असेल तर खारे काहीतरी खायला द्या. गोंधळलेपणा किंवा झटके दिसले तर ती रुग्णालयाची इमर्जन्सी आहे, तिथे शिरेतून सोडियम द्यावे लागते.

साधा उपाय असा की तहान लागेल तसे प्या आणि सोबत खारे खात राहा. आपल्या डब्यातले खारे शेंगदाणे, शेव, खाकरा, लोणच्याची फोड हे सगळे या कामी उत्तम आहे.

गारठा : अडखळणे हे पहिले लक्षण

पाणी हवेपेक्षा कितीतरी जलद, जवळपास पंचवीसपट वेगाने, शरीराची उष्णता ओढून घेते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात सावलीत तासभर थांबून रॅपलची पाळी येण्याची वाट पाहिली, तरी बारीक अंगकाठीच्या माणसाला तो होऊ शकतो. थंडीने लघवी जास्त होते, त्यामुळे शरीरातले पाणीही कमी होते.

लक्षणे क्रमाने येतात. आधी जोराची हुडहुडी. मग अडखळणे सुरू होते. हात अडखळतो म्हणजे कॅराबिनर बंद करता येत नाही, पाय अडखळतो, आणि शेवटी जीभ अडखळते. माणूस गप्प होतो किंवा उगाच चिडतो. दोरावरच्या माणसासाठी हात अडखळणे हीच धोक्याची घंटा आहे, कारण सगळे काम बोटांचे असते. हुडहुडी थांबली आणि माणूस तरी गारच आहे, तर ती सुधारणा समजू नका. शरीराची ताकद संपल्याचे ते लक्षण आहे.

काय करावे?

- पाण्यातून बाहेर काढा. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोके आणि मान झाका.
- खाली बॅग, दोर काहीतरी अंथरा. गार खडकावर बसवू नका.
- शुद्धीवर असेल तर गोड खायला, प्यायला द्या.
- हातपाय चोळू नका. मद्य अजिबात देऊ नका.
- बोलणे अडखळत असेल तर त्याला चालवू नका, आडवे ठेवून गुंडाळा.

सुती कपडे ओले झाले की ऊब धरत नाहीत. जीन्स आणि सुती टी-शर्ट घालून घळीत उतरू नये.

दोरावर अडकून लटकणे

उतरताना केस, ओढणी किंवा टी-शर्टचे टोक डिसेंडरमध्ये (दोर सोडण्याच्या साधनात) अडकले की माणूस मध्येच लटकतो. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकल्यावर रक्त पायात साचते, हृदयाकडे कमी येते आणि काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. अशा वेळी पाय हलवत राहा, भिंतीला पाय लावून जोर द्या किंवा दोराचा फास करून त्यात उभे राहा. सोबत्यांनी त्याला शक्य तितक्या लवकर खाली घ्यावे.

पूर्वी असे शिकवले जात असे की सोडवलेल्या माणसाला आडवे करू नये, बसवून ठेवावे. तो सल्ला आता मागे पडला आहे. खाली आल्यावर त्याला सरळ आडवे करा, श्वास तपासा आणि नेहमीचे प्रथमोपचार करा. दोरावर असताना केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घ्यावेत.

उडी, घोटा आणि पाठ

या घळींतले बरेच अपघात दोर तुटून होत नाहीत, छोट्या उड्यांमुळे होतात. गेल्या महिन्यात डोक्याइतके खोल असलेले पाणी एका पुरानंतर वाळूने भरून गुडघ्याएवढे होते. वरून पाहून खोली कळत नाही. कोणीतरी आधी सावकाश उतरून पाहिल्याशिवाय उडी मारू नये.

घोट्याला मार लागल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर दाबल्यास खूप दुखत असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरून एक्स-रे काढावा लागतो. उंचावरून बसकण मारून पडलेल्याची पाठ दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील, तर त्याला उठवून बसवू नका.

पूर : आकाश निळे असतानाही

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस तिथे नव्हे, कित्येक किलोमीटर वर पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये ७ जण अशाच पुरात दगावले. वाळवंटातली जमीन आणि उघडा खडक पाणी शोषत नाही. दूरवर पडलेला सगळा पाऊस त्या अरुंद फटीत येतो.

युटा आणि ॲरिझोनातला पावसाळा साधारण मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर असतो. झायनसाठी रोज पुराची शक्यता चार पायऱ्यांत जाहीर होते : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. पुरावर औषध नाही. विमानाचे तिकीट, परवाना आणि सुट्टी वाया जाईल या विचाराने माणूस आत उतरतो. घरच्यांनी म्हणूनच आधीच सांगून ठेवावे, "परत फिरलास तर आम्हाला आनंदच होईल."

नदीचे पाणी

व्हर्जिन नदीत आणि तिच्या काही ओढ्यांत २०२० पासून विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत. त्यांचे विष साध्या फिल्टरने किंवा उकळून खात्रीने जात नाही. म्हणून त्या पाण्यात डोके बुडवू नये, ते तोंडात जाऊ देऊ नये आणि पिण्याचे पाणी नळाचेच न्यावे. खाण्याआधी हात स्वच्छ पाण्याने धुवावेत. उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण चालतो.

आपल्याकडे वेगळी काळजी लागते. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावची सांदण दरी ही अशीच अरुंद घळ आहे, पण ती सह्याद्रीतली. पावसाळ्यात तिथे उतरणे म्हणजे पुराच्या वाटेत उभे राहणे. आपल्या भागात साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना त्या ट्रेकबद्दल आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यामुळे वेळेत घेता येते.

नेहमीची औषधे चालू असतील तर

कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पण निघण्याआधी, दोन-तीन आठवडे हातात असताना, डॉक्टरांशी याविषयी बोला :

- लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन) : पाणी आणि सोडियम दोन्ही कमी होतात.
- टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या : शरीर सुकलेले असताना मूत्रपिंडावर ताण येतो.
- मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल : उष्णता सोसण्याची क्षमता कमी होते, आणि शुगर उतरल्याचे लक्षण असलेली धडधड लपते.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : या मधुमेहाच्या गोळ्यांनी लघवी वाढते. खाणेपिणे कमी आणि श्रम जास्त असताना शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते.
- इन्सुलिन : ३० अंशांवर फार काळ राहिले तर त्याचा गुण कमी होतो. उन्हातल्या गाडीत ठेवू नये. श्रमाच्या दिवशी मात्रा बदलावी लागू शकते.
- आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक : सांधे दुखतील म्हणून आधीच घेऊन निघणे टाळा. पाणी कमी असताना ही औषधे मूत्रपिंडाला इजा करतात. अगदीच दुखले तर पॅरासिटामॉल बरे.
- सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या : घाम कमी होतो आणि सावधपणाही.

कोणी जाऊ नये?

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, चालताना छातीत दुखत असेल, फिट्स नियंत्रणात नसतील, शुगर वारंवार उतरत असेल, खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल किंवा गरोदरपण असेल, तर ही उतरण टाळावी. अरुंद जागेत घाबरायला होत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. घळीच्या मध्यावर श्वास कोंडल्यासारखा झाला तर मागे फिरता येत नाही.

बाकीच्यांसाठी मी एक घरगुती चाचणी सुचवतो. आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड पायथ्यापासून चढून उतरा. दुसऱ्या दिवशी नेहमीची कामे सहज जमली तर तयारी बरी आहे. चाळिशीनंतर बीपी, मधुमेह, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल तर ईसीजी आणि गरजेनुसार पुढच्या तपासण्या करून घ्या. सर्टिफिकेटवरची सही त्या दिवसाची प्रकृती सांगते, दोर हाताळण्याचे कौशल्य सांगत नाही. ते प्रशिक्षित माणसाकडूनच शिकावे लागते.

घरच्यांसाठी : एक कागद

२००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा तरुण युटातील ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा उतरला. एक दगड निसटून त्याचा उजवा हात भिंतीत अडकला. कुठे जातो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. '१२७ अवर्स' हा २०१० चा चित्रपट त्याच्यावरच आहे. ए. आर. रहमान यांच्या संगीतामुळे आपल्याकडे तो अनेकांनी पाहिला असेल.

म्हणून निघण्याआधी घरच्यांकडे पुढील माहिती लिहून ठेवा :

- घळीचे नाव, आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा, गाडी कुठे लावली आहे
- सोबत्यांची नावे आणि नंबर
- किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर मदत मागवायची. हे तिथल्या वेळेनुसार आणि भारतीय वेळेनुसारही लिहा.
- त्या पार्कचा पूर्ण फोन नंबर. अमेरिकेतला ९११ हा क्रमांक भारतातून लागत नाही.
- आजार, औषधे, ॲलर्जी, रक्तगट
- विम्याचा क्रमांक. अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, पॉलिसी वाचून घ्या.

घळीत मोबाइल चालत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्रही अरुंद भिंतींमध्ये आकाश पुरेसे दिसले नाही तर चालेलच असे नाही. हेलिकॉप्टर तिथे उतरू शकत नाही. मदत दुसऱ्या दिवशी येईल असे गृहीत धरून प्रत्येकाच्या सॅकमध्ये कोरडा जादा शर्ट, टोपी, चांदीसारखे चमकणारे आपत्कालीन ब्लँकेट, हेडलँप, शिट्टी, खाणे आणि एक दिवसाची जास्तीची औषधे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावीत.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह आहे, जाता येईल का? शुगर नियंत्रणात असेल, ती उतरल्याची लक्षणे स्वतःला ओळखता येत असतील आणि सोबत्यांना ती माहीत असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जाता येईल. ग्लुकोज पावडर खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

दमा आहे. गार पाण्याने आणि श्रमाने दमा उसळू शकतो. पंप अंगावर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. गेल्या आठवड्यात पंप वारंवार लागला असेल तर बेत पुढे ढकला.

परत आल्यावर कोणत्या लक्षणांसाठी लगेच डॉक्टरकडे जावे? लघवी चहासारखी गडद होणे, आठ-दहा तास लघवी न होणे, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गोंधळलेपणा, पिंढरीला एकाच बाजूला सूज, किंवा ताप. चहासारखी लघवी म्हणजे स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण असू शकते, त्यात उशीर नको.

मुलगा परदेशात आहे, आम्ही इथून काय करणार? वरचा कागद मागून घ्या. त्याने तो लिहून पाठवला, म्हणजे त्याने बेताचा नीट विचार केला आहे. तो लिहिता येत नसेल, तर बेत अजून कच्चा आहे असे त्याला सांगा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय घेण्यासाठी तुमच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.*